चाळीस फूट हळद

आमच्या ओट्यावर कडप्पा होता. काळा, गप्प, सोशिक. त्यावर सासूबाईंनी आयुष्यभर नारळ फोडले, त्याने हूं की चूं केलं नाही. घराला रंग काढताना तो ‘जुनाट’ ठरला आणि पांढऱ्याशुभ्र सिरॅमिक टाइल्स आल्या. दुकानदार म्हणाला, “ताई, फडकं मारलं की काचेसारखी!” माणूस खरं बोलला. टाइलचा वरचा थर काचेचाच असतो. पण दोन टाइल्सच्या मधे जे असतं, त्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

सहा फूट बाय दोन फुटांचा ओटा, सहा इंची टाइल. म्हणजे ४८ टाइल्स आणि तब्बल ४० फूट सांधे! सांध्यांत पांढरं सिमेंट, आणि ते पाहुण्यासारखं सगळं पोटात घेतं. फोडणीची हळद सांडली की पिवळी रेघ. साबणाने घासली तर ती लाल होते. क्षार लागला की हळद कुंकवाचं सोंग घेते. लिंबू चोळावं, तर डाग राहतो आणि सिमेंटच झिजतं. पोळपाट डुगडुगतो. मळलेली कणीक सांध्यात शिरते आणि तिला टूथब्रशने बाहेर काढावं लागतं. घरातला सगळ्यात महागडा टूथब्रश सध्या ओटा वापरतो.

कडप्पा मागच्या अंगणात कपडे धुवायला आहे. अजून डाग नाही. टाइल्स हव्याच असतील तर भिंतीला लावा. ओट्याला दगडच बरा.