परक्याच्या शेपटीवर नजर!

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींना झालंय तरी काय? पूर्वी शनिवारी चार घरं जमली की ग्रीन कार्ड, घरांच्या किमती आणि पुण्यातल्या आईवडिलांचे गुडघे एवढ्यावर संध्याकाळ सरायची. आता पावभाजी निवत पडलेली आणि यजमान मागच्या खिडकीला दुर्बीण लावून उभे! ‘श्श! हेअरी आलाय!’ ‘छे हो, डाऊनीच तो.’ झालं, पेटली सभा. नवरा-बायकोचे अबोलेही होतात म्हणे यावरून.

भांडण कुणावरून, तर परसातल्या दाणापाण्याच्या फीडरवर येणाऱ्या डाऊनी आणि हेअरी या दोन सुतार पक्ष्यांवरून. दोघेही काळे-पांढरे, दोघांच्या पाठीवर पांढरा पट्टा, दोघांतल्या नरांच्या डोक्यामागे लाल डाग. डाऊनी जेमतेम 21 ते 28 ग्रॅमचा, हेअरी त्याच्या दुपटीहून भारी. मग सोपं की! कसलं सोपं? फीडरवर एकटाच कुणी बसला असेल, तर तो मोठा म्हणजे कुणापेक्षा मोठा?

म्हणून मग निरखणं सुरू होतं. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंनीसुद्धा एवढं नाक-डोळे पाहिले नसतील. चोच डोक्याच्या एक तृतीयांशाएवढी, नाजूक असेल तर डाऊनी. जवळजवळ डोक्याइतकीच लांब, छिन्नीसारखी असेल तर हेअरी. यावरही समाधान झालं नाही की चक्क शेपटी! कडेची पिसं स्वच्छ पांढरी असतील तर बहुधा हेअरी, त्यांवर काळे ठिपके असतील तर डाऊनी. लोक परक्याच्या शेपटीखाली दिवसाढवळ्या डोकावतात आणि वर फोटो काढून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. संकोच म्हणून काही उरलाच नाही. ज्यांना दिसत नाही ते कान लावून बसतात: डाऊनीचं ‘पिक्’ मवाळ, हेअरीचं खणखणीत. वाळक्या रानटी झुडपाच्या काडीला लोंबकळणारा मात्र डाऊनीच समजावा; हेअरीला बुंधे आणि जाड फांद्या लागतात.

आणि या पाहुण्यांचं खाणं! ज्या घरात अंड्याचं पातेलंसुद्धा वेगळं, त्या घराच्या परसात जाळीच्या पिंजऱ्यात सूट टांगलेलं असतं. सूट म्हणजे गुराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. भारतातून आलेल्या सासूबाईंना ‘पक्ष्यांचा केक आहे’ एवढंच सांगतात. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बियाही हे पक्षी आवडीने खातात, असं मी एका घरी सुचवून पाहिलं. माझ्याकडे असं बघितलं गेलं, की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

पण खरी भानगड पुढेच आहे. इतके सारखे दिसणारे हे दोघे भाऊ-भाऊ असतील असं तुम्हाला वाटलं ना? नाहीत! डीएनए तपासल्यावर कळलं की डाऊनीची जवळची नाती पश्चिमेकडच्या नटॉल आणि लॅडर-बॅक्ड सुतारांशी आहेत; हेअरीची शाखाच निराळी. म्हणजे हा बारका डाऊनी परक्या दांडगटाचा पोशाख घालून मिरवतो. कशासाठी? येल विद्यापीठाच्या रिचर्ड प्रम यांनी 2014 मध्ये मांडलं, की थोरामोठ्याचं सोंग घेतलं की धक्काबुक्की कमी होते आणि खायला मिळतं. पुढे फीडरवरच्या भांडणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खुद्द हेअरी काही फसत नसल्याचं दिसलं. इतर पक्ष्यांत मात्र डाऊनीचा दरारा त्याच्या वजनाच्या मानाने जास्तच निघाला. घ्या! कॉलर उंच करून लायनीत पुढे घुसणारे तिथेही आहेत.

एवढा गवगवा करायला या मंडळींना सरकार दरबारी नव्हे, पण विद्यापीठ दरबारी पाठबळ आहे. 1976 मध्ये कॅनडाच्या ओंटारिओत सुरू झालेली फीडरवरची पक्षीगणना आज ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ म्हणून कॉर्नेलची पक्षी-प्रयोगशाळा आणि बर्ड्स कॅनडा मिळून चालवतात. नोव्हेंबर ते एप्रिल तिचा हंगाम. नियम कडक: एका वेळी एकत्र दिसले तेवढेच मोजायचे. तोच डाऊनी दहादा आला म्हणून दहा लिहायचे नाहीत. आमच्यातले काही त्यावरही हुज्जत घालतातच.

तेव्हा मंडळी, तुम्हालाही ही लागण झाली असेल तर एक करा. चोच नीट दिसली नसेल, शेपटी फांदीआड असेल, तर उगाच छातीठोक ‘हेअरी’ लिहून मोकळे होऊ नका. पक्षीनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळाच्या यादीत ‘डाऊनी/हेअरी’ असा जोडपर्याय दिलेला आहे. तोच निवडा.