गॅस संपत नाही, गळतो

फ्रिज थंड होईना की बोईसर-पालघरच्या घरांत एकच निदान कानावर येतं : ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ हे निदानच नव्हे. फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक पडलंय. ते न शोधता गॅस भरणं म्हणजे थोड्या दिवसांचा गारवा विकत घेणं. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तोच मिस्त्री, तेच बिल, आणि सातपाटीहून आणलेलं पापलेट वाया.

भोक कुठे आहे, यावर सगळं ठरतं. चिंचणी-तारापूरच्या खाऱ्या वाऱ्यात मागची उघडी जाळी लवकर गंजते. तिथली गळती सापडते, जोड देता येतो, दुरुस्ती टिकते. पण हल्लीच्या बऱ्याच फ्रिजांत नळ्या पत्र्याआड, फोममध्ये गाडलेल्या असतात. गळती तिथे असेल आणि वॉरंटी सरलेली असेल, तर मन घट्ट करून नवा घ्यावा.

पण कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले जळला, थर्मोस्टॅट बिघडला, दाराचं रबर सैल झालं, एवढ्यासाठी फ्रिज भंगारात? व्होल्टेज खाली-वर झालं की रिले जातो. तो बदलायला फार वेळ लागत नाही. तरी ‘जुना झालाय, काढून टाका’ असं सांगणारे भेटतात, आणि दुकानात बिनव्याजी हप्त्यांची पाटी तयारच असते. याचा मला संताप येतो, कारण तो हप्ता एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराच्या पगारातून कापला जातो.

तारापूर अणुवीज केंद्रातली पहिली दोन युनिटं 1969ची. 2020मध्ये ती बंद झाली आणि अणुभट्टीत पाणी फिरवणारे जुने पाइप बदलायचं काम हाती घेतलं गेलं. पन्नाशी उलटलेल्या यंत्राचा नेमका कोणता भाग थकला, हे तिथे आधी पाहिलं गेलं. आपल्या स्वयंपाकघरात तेवढी चौकशी व्हायला काय हरकत आहे?

तेव्हा मिस्त्रीला विचाराच : गळती कुठे आहे, दाखवता का? नळी उघडल्यावर फिल्टर नवा बसवणार ना? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम काढणार ना? मागच्या लेबलावर आर-600ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन, पेट घेणारा वायू. नळ्यांत तो शिल्लक असताना जोडकामाचा टॉर्च पेटवू देऊ नका, आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा.

उत्तरं टाळणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. जो गळती शोधून दाखवतो, त्याच्याशी मजुरीसाठी घासाघीस करू नका.