गोदाघाटावरील राजहंस

वर्णनात्मक लेखन शिकविण्याचा जो सरंजाम आमच्या शाळांतून मांडला जातो, त्याचे ब्रीद एकच: जे दिसते ते लिहू नये आणि जे लिहावे ते कोठे दिसू नये. या ब्रीदाशी इमान राखून, गोदाघाटावर आजन्म कबुतरे आणि बुधवारच्या बाजारातील भाजीच्या पाट्या पाहणारा नाशिकचा विद्यार्थी ‘नदीकाठची सायंकाळ’ या निबंधात राजहंसांचे थवे बेधडक उतरवितो. कारण गाइडात हंस आहेत आणि हंसांना गुण आहेत.

एका मुलाने मात्र ‘मी पाहिलेला पूर’ या विषयावर लिहिले, ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले तेव्हा मामाने भांडीबाजारातल्या दुकानातील माल माळ्यावर चढवला आणि मामीने भिजलेली उधारीची वही तव्यावर वाळवली.’ गुरुजींचा शेरा पडला: ‘अलंकार नाहीत. विस्तार करा.’ गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे सरकार क्युसेकमध्ये जाहीर करते खरे. परंतु नाशिककर पूर मोजतो तो गोदापात्रातील या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यावरून, कमरेवरून आणि गळ्यावरून, हे त्या बालकास ठाऊक होते. आज्ञेप्रमाणे विस्तार झाला तो असा: ‘रौद्ररूपधारिणी सरिता तांडव करू लागली.’ मारुती बुडाला, मामा बेपत्ता झाला, वही वाहून गेली. गुण तेवढे वाढले.

याच गोदेच्या परिसरात, जलालपुरास 1868 साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना शाळेत शिकण्याचा योग आला नाही, हे मराठी गद्याचे महद्भाग्यच म्हणावयाचे. आपल्या वडिलांचे सोवळे किती कडक होते, हे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगताना त्यांनी विशेषणांची आरास मांडली नाही, घरात मीठसुद्धा धुऊन घेतले जाई, एवढे सांगितले. आमच्या परीक्षकांनी तेथे ‘शुचितेचे महत्त्व दोन सुभाषितांसह विशद करा’ असे फर्मावून ते मीठ निश्चितच विरघळविले असते.

सबब शिक्षणखात्याकडे नम्र दरखास्त अशी की, मराठीच्या तासाला तलाठ्यास पाचारण करावे. पुराचा पंचनामा करताना तो घराच्या चतुःसीमा, कोसळलेल्या भिंतीची दिशा आणि भिजलेल्या बाजरीची पोती तपशीलवार नोंदवितो. कारण त्या कागदावर नुकसानभरपाई मंजूर व्हावयाची असते, आणि सरितेच्या तांडवावर सरकारी खजिन्यातून एक छदामही सुटत नाही.