मागच्या डाव्या काचेची मीमांसा

धावत्या मोटारीची मागची एकच काच उघडी ठेवली असता, ताशी ६० ते १०० किलोमीटर वेगाच्या टापूत केव्हातरी गाडीच्या पोटात अचानक धबधब धबधब असे घुमू लागते, कानांचे पडदे आत-बाहेर ओढले जाऊ लागतात, आणि तोपर्यंत सुखाने चाललेल्या संभाषणातील सर्व वाक्ये ‘काय?’ या एका शब्दावर येऊन थांबतात. या घटनेचा अभ्यास जगात कोठेही करता येत असला, तरी पुणे-बेंगळुरू महामार्गावरील काकती ते निपाणी या टप्प्यावर तो जितका सांगोपांग होतो तितका अन्यत्र क्वचितच होईल, कारण तेथे वारा, रस्ता आणि मराठी कुटुंब ही तिन्ही उपकरणे एकाच वेळी आणि, टोल वगळता, फुकट मिळतात.

काकती हे बेळगावच्या उत्तरेस महामार्गाला लागून असलेले गाव. इतिहासात ते कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव (१७७८) म्हणून प्रसिद्ध आहे. प्रस्तुत विषयात मात्र त्याचे महत्त्व एवढेच, की शहरातल्या सिग्नल, रिक्षा आणि म्हशी यांच्या तावडीतून सुटलेली गाडी काकती ओलांडता ओलांडता प्रथमच ऐंशीच्या पुढे जाते, आणि म्हणून वरील घुमणेही बहुधा प्रथम येथेच सुरू होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसले असल्याने तेथील माणसाला हवेचा मोठा अभिमान असतो, आणि गाडीत एसी असूनही तो लावणे हा गावाचा अपमान समजला जातो. ‘आमच्याकडं एसी कशाला लागतोय?’ हा प्रश्न परगावच्या पाहुण्याला हमखास विचारला जातो, आणि मे महिन्यात संकेश्वरच्या पुढे विचारणाराच घामाने निथळू लागला तरी तो मागे घेतला जात नाही.

काच उघडी राहण्याचे दुसरे आणि अधिक निकडीचे कारण म्हणजे गाडी लागणे. कोणत्याही कुटुंबात एक तरी मूल असे असतेच, की पुढे वंटमुरी घाट आहे एवढे कानावर पडताच त्याचा चेहरा पांढरा पडतो. त्याला परंपरेने मागच्या डाव्या खिडकीपाशी बसवतात, हाती प्लास्टिकची पिशवी आणि तोंडात आवळासुपारी देतात, व ती काच सताड उघडतात. मागच्या उजव्या खिडकीपाशी आत्या असतात. त्यांना वारे बाधत असल्यामुळे त्यांच्या कानांवरून मफलर गेलेला असतो आणि त्यांची काच घराच्या फाटकापासूनच वर असते. पुढची डावी जागा मानाची, तेथे काका बसतात, आणि वाऱ्याने पेपर उडतो म्हणून त्यांचीही काच बंदच असते. उरली चालकाची काच. ती पूर्वी टोल नाक्यावर पैसे देण्यापुरती तरी उघडत असे, परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग, म्हणजे काचेवर चिकटवलेल्या पट्टीवरून आपोआप टोल कापला जाण्याची सोय, सक्तीची झाल्यापासून हत्तरगीला काय किंवा कोगनोळीला काय, तेही कारण संपले. अशा रीतीने चारांपैकी तीन काचा बंद आणि एक सताड उघडी अशी रचना सिद्ध होते, आणि ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने त्या क्षणी मोटारीची बाटली होते.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ती ‘हूं’ असा आवाज ज्या कारणाने करते, त्याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) यांच्या नावाने ओळखले जाते. तोंडापाशी असलेली थोडीशी हवा आत ढकलली गेली की आतली हवा दबते, दबलेली हवा तिला बाहेर लोटते, बाहेर जाताना ती जरा जास्तच बाहेर जाते आणि म्हणून पुन्हा आत ओढली जाते. या ये-जा करण्याला त्या त्या पोकळीची एक ठरावीक कंपनसंख्या, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांची संख्या, असते. पोकळी जितकी मोठी तितका स्वर खाली, आणि तोंड जितके रुंद तितका तो वर. बाटलीत लिटरभर हवा मावते, तर मोटारीत सुमारे तीन हजार लिटर. त्यामुळे मोटारीचा स्वर उतरत उतरत सेकंदाला १५ ते २० कंपनांपर्यंत येतो, आणि मनुष्याच्या कानाला स्वर म्हणून ऐकू येण्याची खालची मर्यादा साधारण २० कंपनांची असते. म्हणजे शंभर डेसिबलच्या वर जाणारा हा आवाज बहुतांशी ऐकू न येणाऱ्या जातीचा असून, ‘केवढा हा गोंगाट!’ असे ओरडणाऱ्या काकांची तक्रार शास्त्रदृष्ट्या शांततेविरुद्धच ठरते. शिवाय एवढ्या खालच्या स्वराच्या लाटेची लांबी वीसेक मीटर भरते, ती चार मीटरच्या गाडीत मावणे शक्य नसते, आणि म्हणून आतली सगळी हवा एकदमच दबते व एकदमच फुगते; या बाबतीत मानाच्या जागेलाही सवलत मिळत नाही.

हेल्महोल्ट्झ हे मूळचे लष्करी डॉक्टर. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्वरसंवेदनेवरील ग्रंथात पोकळ गोळ्यांच्या साहाय्याने स्वर निवडून ऐकण्याची पद्धत वर्णिलेली आहे. गोळ्याचे एक तोंड हवेत उघडे ठेवायचे आणि दुसरे, निमुळते, कानात बसवायचे. हेल्महोल्ट्झ यांनी गोळा कानात घातला, काकतीच्या प्रवाशाने कान गोळ्यात घातला, आणि प्रयोगाची ही सुधारलेली आवृत्ती पाहण्यास ते हयात राहिले नाहीत हे विज्ञानाचे नुकसानच म्हटले पाहिजे.

फुंकर मारण्याचे काम अर्थात रस्त्यावरचा वारा करतो. पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या उभ्या खांबाची कड सोडताना बाहेरची वेगवान हवा आणि आतली संथ हवा यांच्या सीमेवर भोवरे तयार होतात, ते एकामागून एक जाऊन खिडकीच्या मागच्या कडेवर आपटतात, प्रत्येक आपटीचा धक्का आत पोचतो, आणि या आपटण्याचा ठेका गाडीच्या अंगभूत कंपनसंख्येशी जुळला की धक्क्यात धक्का मिसळून घुमणे वाढत जाते. वेग पुरेसा कमी किंवा पुरेसा जास्त झाला तर ठेका चुकतो आणि आवाज विरतो. पुढची काच उघडली तर हाच त्रास पुष्कळ कमी होतो, कारण बाहेरचा आरसा आणि पुढचा तिरका खांब मिळून वाऱ्याची शिस्त आधीच मोडून टाकतात. मागच्या खिडकीपर्यंत पोचतो तो शिस्तीचा वारा, आणि शिस्तीचाच वारा त्रास देतो.

यातले काहीच ठाऊक नसल्याने गाडीत जितकी माणसे तितकी निदाने होतात. काका घाटाला जबाबदार धरतात आणि ‘कानाला दडे बसलेत, आवंढा गिळा’ असा सर्वांना आदेश देतात. दडे बसतात ते उंची बदलल्यामुळे कानाच्या पडद्याच्या दोन बाजूंचा दाब असमान होतो म्हणून. तो फरक सावकाश आणि एकाच दिशेने वाढतो, आणि आवंढा गिळला की घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडून तो मिटतो. सेकंदाला पंधरा वेळा उलटसुलट होणाऱ्या दाबाला आवंढ्याने उत्तर द्यायचे ठरवले, तर त्याला पुरेल एवढी लाळ निपाणीची तंबाखू चघळणाऱ्याच्या तोंडातही सुटणार नाही.

चालकाचा संशय टायरवर असतो, आणि त्याचे निदान कृतीत उतरते. गाडी कडेला घेऊन पंक्चरच्या दुकानापुढे उभी केली जाते. ती थांबताच आवाजही थांबतो, आणि हाच टायरविरुद्धचा निर्णायक पुरावा मानला जातो. चालक उतरून चारही टायरांना क्रमाने लाथ मारतो. दुकानातला पोरगा हात चड्डीला पुसत येतो, टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकतो, वॉल्व्हची टोपी काढतो, बोटावर थुंकी घेऊन ते वॉल्व्हच्या तोंडावर टेकवतो आणि बुडबुडा येतो का ते मान वाकडी करून पाहत राहतो. त्या संपूर्ण प्रवासात शास्त्रीय म्हणता येईल असा हा एकमेव प्रयोग होय. बुडबुडा येत नाही. ‘टायरात काय न्हाई हो, हवा बरोबर हाय की,’ असा निर्वाळा मिळतो. तरीही आलेल्या गिऱ्हाइकाला रिकामे पाठवू नये म्हणून दोन-दोन पॉइंट हवा वाढवली जाते, आणि किती द्यायचे असे विचारल्यावर ‘द्या की काय तरी’ या वाक्यावर वीस रुपयांचा व्यवहार पुरा होतो.

याच रस्त्याने गेलेल्या मागच्या पिढ्यांना हा त्रास फारसा नव्हता, आणि त्याचे श्रेय त्यांच्या गाड्यांच्या निकृष्टपणाला दिले पाहिजे. अॅम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी यांच्या पुढच्या दारांना एक त्रिकोणी, आडवी फिरणारी छोटी काच असे, जी किंचित उघडली की वारा अंगावर येई आणि आतल्या हवेला दुसरी वाट मिळे. शिवाय दारांची रबरे गेलेली, तळाला गंजाने भोके पडलेली, अशा गाडीत हवा कोंडून राहणार कोठे? शेअर जीपमध्ये तर तिन्ही बाजूंनी ताडपत्री उडत असल्याने पोकळीच नव्हती. धूळ, धूर आणि शेजाऱ्याची कोंबडी हे सर्व सोसावे लागे, पण घुमणे नाही. नवी गाडी जितकी घट्ट, गुळगुळीत आणि महाग, तितकी ती चांगली बाटली होते, आणि हप्ते भरणाऱ्याला हे समजावणे फार अवघड जाते.

कारखानदार मंडळी या विषयाकडे गांभीर्याने पाहतात. मोटारीतल्या नको असलेल्या आवाजाचे आणि थरथरीचे एक स्वतंत्र शास्त्रच आहे, आणि १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेत त्याच्या चाचण्या होतात. छताला उघडणारी काच असलेल्या गाड्यांत ती सरकताच पुढच्या कडेला एक आडवी पट्टी आपोआप उभी राहते, तीही भोवऱ्यांचा ठेका बिघडवण्यासाठीच. मागच्या दाराला मात्र अशी पट्टी नसते, तेथे उपाय प्रवाशांनीच करायचा असतो, आणि तो एका वाक्यात सांगण्यासारखा आहे: उघड्या काचेच्या तिरक्या समोरची काच चार बोटे खाली घ्यावी. हवेला दुसरी वाट मिळाली की दाब साचत नाही आणि घुमणे तत्काळ थांबते.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच असल्याने प्रत्येक गाडीत मागच्या मधल्या जागेवर एक होतकरू अभियंता कोंबलेला असतोच, आणि हा उपाय तो होनग्याच्या आसपास सुचवतोही. परंतु वारा फार झाला म्हणून आणखी एक काच उघडा, हे कोणत्याही सुजाण कुटुंबाला पटणारे नाही. ‘एका काचेनं डोकं उठलंय, आता दुसरी उघडायला सांगतोस होय रे?’ असे आत्या मफलर आवळत विचारतात. काका शिक्षणाच्या सद्यःस्थितीवर बोलतात. चालकाची हरकत मायलेजची असते, आणि ती अगदीच निराधार नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेगात काचा उघड्या ठेवल्यास इंधन थोडे जास्त जाते. फक्त हा हिशेब आधीच सताड उघड्या असलेल्या काचेला न लावता यायच्या चार बोटांना तेवढा का लावायचा, याचा खुलासा चालक करीत नाही. ‘अहो, मग ती मागचीच लावा की,’ अशी सूचना चालकाच्या पत्नीकडून येते, तेव्हा डाव्या खिडकीतले मूल केवळ एकदा उचकी देते, आणि ती सूचना बिनविरोध मागे घेतली जाते.

संकेश्वर मागे पडते. निपाणी जवळ येऊ लागते तशी चालकाच्या गालातली तंबाखूची गोळी तिचे काम करून चुकलेली असते, आणि थुंकण्यासाठी त्याला आपली काच खाली घ्यावी लागते. त्याच क्षणी घुमणे तोडल्यासारखे थांबते. पिंक वाऱ्याबरोबर मागे जाऊन आत्यांच्या बंद काचेवर लांबलचक पसरते. आणि अभियंता काही बोलण्यासाठी तोंड उघडतो तोच आत्या म्हणतात, ‘बघ, त्या काकतीच्या पोरानं हवा भरली म्हणून आता कुठं थांबलं. आणि त्याला तू वीसच रुपये दिलास.’ चालक काच वर घेतो, आणि तवंदी घाट लागायच्या आत दुसरे पंक्चरचे दुकान शोधणे भाग पडते.