इचारराव आणि दोन शिंगांची गिटार

इचाररावांना काही विकत घेताच येत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. भाजी ते घेतात, काड्यापेटी घेतात, पोरांच्या वह्यासुद्धा शाळा सुरू झाल्यावर आठवडाभरात घेतात. पण ज्या वस्तूसोबत वॉरंटी कार्ड येतं, तिच्यापुढं त्यांचं पाऊल थबकतं. नांदेडचा पारा ४२ वर गेला की ते कूलरच्या चौकशीला निघतात. लोखंडी घ्यावा का फायबरचा, गवताच्या जाळीचा का हनीकोंबचा, टाकी किती लिटरची, पंप कुणाचा. वजिराबादेतल्या सगळ्या दुकानांचे भाव एका कागदावर उतरतात आणि कागद पाकिटात जातो. मृगाच्या पहिल्या सरी आल्या की इचारराव गॅलरीत उभे राहून तृप्त आवाजात सांगतात, "बरं झालं घेतला न्हाई. आता कशाला लागतो?"

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि ते तिथंच बरं आहे. कुणीही विचारावं, "काय झालं मग त्या गाडीचं?" उत्तर ठरलेलं: "इचार करायलाव." म्हणून इचारराव. ही जात पुण्या-मुंबईतही सापडते, नाही असं नाही. पण तिकडचा माणूस तोंडावर "नको" म्हणून मोकळा होतो. आपल्याकडं "नको" म्हणणं दुकानदाराच्या तोंडाकडं बघून जिवावर येतं आणि "हो" म्हणणं पगाराकडं बघून. या दोन्हींच्या मधे जी ऐसपैस जागा उरते, तिथं मराठवाड्यातले निम्मे पुरुष पाय पसरून बसलेले आहेत. इचारराव त्यांच्यातले ज्येष्ठ.

तर अशा माणसाच्या आयुष्यात, वयाच्या पंचेचाळिशीत, जिल्हा परिषदेतल्या टेबलावर फायलींचा ढीग असताना, एक इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची लाल इलेक्ट्रिक गिटार आली.

गिटार होती लातुरात, इचाररावांच्या सासुरवाडीला. लातुरात ज्याच्याकडं दोन खोल्या जास्तीच्या आहेत त्यानं त्या शिकणाऱ्या पोरांना भाड्यानं दिलेल्या असतात. सासऱ्यांनीही माडी दिली होती. तिथं मुखेडकडचं एक पोरगं नीटची तयारी करत होतं, दुसऱ्यांदा. त्याचे वडील एकदा न सांगता आले आणि कॉटवरच्या गोधडीतून एक लाल टोक बाहेर आलेलं त्यांना दिसलं. गिटार नेहमीच्या गोल आकाराची असती तर गोधडीखाली खपून गेली असती. याच आकारानं घात केला. वडिलांनी निकाल जागेवर दिला, "वीक ते. आज."

इचारराव योगायोगानं त्या दिवशी सासुरवाडीला होते. कॉलेजात असताना गॅदरिंगला ते एकदा गिटार घेऊन स्टेजवर उभे राहिले होते. वाजवली किती हा भाग वेगळा. पण त्या फोटोची लॅमिनेशन केलेली प्रत अजून कपाटात आहे. माडीवर जाऊन त्यांनी गिटार हातात घेतली, खाली-वर पाहिली, आणि पोराला विचारलं, "केवढ्याला?"

"१४ हजार, काका. अॅम्प्लिफायरसकट."

"इचार करतो," इचारराव म्हणाले, आणि त्या क्षणापासून सुखी झाले.

पुढच्या पंधरवड्यात त्यांनी मिळवलेलं ज्ञान ऐकून मी थक्क झालो. हा आकार प्रथम बाजारात आणला गिब्सन कंपनीनं, १९५८ साली, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलमझूच्या कारखान्यातून. फेंडर कंपनी नव्या वळणाच्या गिटारी काढत होती आणि गिब्सनला लोक जुनाट म्हणू लागले होते. तेव्हा अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी असल्या तिरपागड्या आकारांचा घाट घातला. नाव ठेवलं 'फ्लाइंग व्ही'. आफ्रिकेतलं फिकट पिवळं लाकूड वापरलं. आणि दोन वर्षांत शंभरसुद्धा गिटारी खपल्या नाहीत! कंपनीनं नाद सोडला. मग आल्बर्ट किंग नावाच्या डावखुऱ्या ब्लूजवाल्यानं ती उलटी धरून गाजवली, साठच्या दशकात कंपनीनं ती पुन्हा काढली, जिमी हेंड्रिक्सनं स्वतःच्या हातानं रंगवून वाजवली, आणि आज त्या पहिल्या लॉटमधली एखादी निघाली तर लाखो डॉलरला जाते.

या सगळ्या इतिहासातून दुसऱ्या कुणी धाडसाचा धडा घेतला असता. इचाररावांनी मांडीवर थाप मारली. "दोन वर्षांत शंभर गिऱ्हाईकं मिळाली न्हाईत! म्हंजे अमेरिकेतबी लोक इचारच करायले होते की!"

लातुरातली गिटार अर्थात गिब्सनची नव्हती. तिच्या डोक्यावरचं नाव कुणीतरी ब्लेडनं खरवडलेलं होतं. गिब्सन अमेरिकेची आणि गिवसन कोलकात्याची, एका अक्षराचा फरक आणि किमतीत दोन शून्यांचा, हे इचाररावांनी मला समजावून सांगितलं, आणि ही दोन्हींपैकी कुठलीच नसावी, हेही.

मग सल्ले सुरू झाले. पहिला मान आबांचा, म्हणजे वडिलांचा. आबा कंधारकडच्या गावी असतात. माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तिथल्या जनावरांच्या बाजारात त्यांच्या शब्दाला किंमत होती; उपरण्याखाली नुसती बोटं दाबून त्यांनी कितीतरी सौदे केलेले. लाल कंधारी बैल आणि लातूरकडची काळी-पांढरी देवणी, दोन्हींचं शिंग, वशिंड, खूर त्यांना अंधारात हात फिरवून कळतं. इचाररावांनी मोबाइलवर फोटो दाखवला. आबांनी चष्मा पुसला.

"शिंगं झ्याक हायेत," ते म्हणाले. "दात?"

इचाररावांनी पट्ट्या मोजलेल्याच होत्या. "२२."

आबांनी मोबाइल परत दिला. "म्हातारं हाय. घेऊ नको."

दुसरा सल्ला मोटार रिवाइंडिंगवाल्याचा. हा मला सगळ्यांत शहाणा वाटला. इलेक्ट्रिक गिटारचं पोट भरीव असतं, आवाज घुमायला आत पोकळीच नसते. तारेखाली चुंबक असतो आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची लोखंडी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते, ती अॅम्प्लिफायरमध्ये जाते. इचारराव हे सगळं सांगत होते आणि तो माणूस बोअरच्या जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग उकलत होता. वर न बघता म्हणाला, "म्हंजे मोटारच की. फक्त उलटी. मग आवाज जर त्या वेढ्यातून येतो, तर लाकूड असं दोन टोकाचं कामून?"

या 'कामून'नं इचाररावांची झोप उडवली. आकाराचा आवाजाशी फारसा संबंध नसेल, तर आकाराचे पैसे का द्यायचे? आणि आकारासाठीच घ्यायची असेल, तर वाजवायला कशाला शिकायचं? दोन दिवसांनी ते नवा मुद्दा घेऊन आले. आपल्याकडंही वाद्यांचे आकार कुठं सरळ असतात? रुद्रवीणेला दोन भोपळे. ताऊसला तर मोराचं तोंड आणि मोराचं अंग. आणि ते शिखांच्या कीर्तन परंपरेतलं वाद्य, म्हणजे नांदेडला परकं नाहीच. "मोर चालतो तर 'व्ही' कामून चालत न्हाई?" मी म्हटलं, बरोबर आहे, घ्या मग. त्यांच्या चेहऱ्यावर दुखावल्याची छटा आली. माझ्याकडून त्यांना इतक्या घाईची अपेक्षा नव्हती.

वहिनींचा प्रश्न एकच होता. "अहो, ती ठेवायची कुठं?" साध्या स्टँडवर ती नीट उभी राहत नाही, साध्या बॅगेत मावत नाही, कोपऱ्यात टेकवली तर एका टोकावर कलते. भिंतीवर टांगावी तर देवघराची भिंत सोडली तर बाकीच्या भिंतींना ओल. शेजारच्या एका वास्तूवाल्यानं टोकं ईशान्येला नकोत म्हणून सांगितलं. नैर्ऋत्येला करावीत तर पोरांचं डोकं आपटतं.

ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा त्यांचा जुना दोस्त म्हणाला, लग्नात स्टेजवर फोटो काढायला पाहुणे चढतात, एखाद्या मामाच्या पोटात टोक गेलं की बिदागी गेली. त्याचवेळी भीमजयंतीच्या पार्टीत पॅड वाजवणाऱ्या एका पोरानं मत दिलं की मिरवणुकीत ट्रकवर असली गिटार लांबून दिसते, डोळे झाकून घ्या. एक मत इकडं, एक मत तिकडं. इचाररावांचं समाधान मावेना.

दरम्यान दर दोन-तीन आठवड्यांनी लातूरची फेरी होत होती. नांदेडहून एसटी धरायची. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर करत लातूर. इतकी वर्षं सासुरवाडीला जायचं म्हटलं की ज्यांची पाठ दुखायची, ते इचारराव आता स्वतःहून पिशवी भरत. सासूबाईंना वाटलं जावयाला माया फुटली. जेवण झालं की जावई माडीवर.

तिथं पहिल्याच बैठकीत मोठा पेच पडला होता. गिटार मांडीवर ठेवली की घसरून खाली जायची. इचारराव पुन्हा ठेवत, ती पुन्हा जाई. "काका, तशी न्हाई," पोरगं म्हणालं, आणि त्यानं दोन टोकांमधली खाच उजव्या मांडीवर बसवली. गिटार घट्ट बसली, मान वर झाली. काकांनी तसं करून बघितलं आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत. वाजवलं काही नाही. नुसते बसले.

पुढच्या फेरीला अर्थिंगचा मुद्दा निघाला. अॅम्प्लिफायर लावला की खोलीत एक गुंईऽऽ सुरू व्हायची. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, तोच सूर. तारांना हात लावला की गुंई कमी व्हायची, सोडला की वाढायची. वायरमन म्हणाला, अर्थिंग कोरडं पडलंय, खड्ड्यात मीठ-कोळसा टाका आणि रोज बादलीभर पाणी घाला. सासरे हे ऐकून कधी नव्हे ते चिडले. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात गिटारीसाठी जमिनीत पाणी ओतायचं? मुद्दा बिनतोड होता. इचाररावांनी तो कागदावर लिहून घेतला.

मला या काळात एक गोष्ट खटकत होती. पोरगं कधी घाई करत नव्हतं. "काका, दुसरं गिऱ्हाईक आलंय" हे विकणाऱ्याचं जगन्मान्य वाक्य त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही. उलट इचारराव जरा वळताहेत असं दिसलं की तोच नवी शंका काढून द्यायचा: मानेला थोडा बाक आलाय का बघा काका, ही खुंटी सैल वाटते, पिकअप मूळचा नसावा. इचारराव भारावून म्हणायचे, "किती प्रामाणिक लेकरू हाय."

उलगडा झाला तो पोराच्या वडिलांच्या फोनवरून. इचाररावांचा नंबर त्यांना पोरानंच दिला होता. दर रविवारी ते पोराला विचारायचे, विकली का रे? पोरगं सांगायचं, गिऱ्हाईक पक्कं आहे, नांदेडचे सरकारी नोकरदार आहेत, फक्त विचार करायलेत. बापानं खात्री करायला फोन लावला.

"साहेब, तुमी घ्यायलाव ना?"

"इचार चालू हाय," इचारराव गंभीरपणे म्हणाले.

"हां, मग काय हरकत न्हाई," बाप म्हणाला. सरकारी माणूस विचार करतोय म्हणजे फाइल योग्य टेबलावर आहे, एवढा भरवसा मराठवाड्यातल्या माणसाला असतोच. आणि तिकडं माडीवर, जीवशास्त्राचं प्रकरण संपलं की पोरगं अॅम्प्लिफायर न लावता रोज अर्धा तास वाजवत होतं. गिटार कुणाला विकायची नसेल तर ती कुणाला दाखवावी, हे त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानं पहिल्याच दिवशी, "इचार करतो" या दोन शब्दांवरून ओळखलं होतं. लातूर पॅटर्नचं कौतुक उगाच होत नाही.

मी हे इचाररावांना सांगावं की नाही, यावर बरेच दिवस घालवले. संगतीचा परिणाम असतो.

निकाल लागला. पोराला नांदेडच्याच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, विष्णुपुरीला प्रवेश मिळाला. प्रवेशाची कागदपत्रं झाल्यावर बाप-लेक थेट इचाररावांच्या घरी आले. बापाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, लेकाच्या पाठीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, दोन टोकं बाहेर आलेली. वहिनींनी चहा टाकला. गिटार सोफ्यावर ठेवली तर ती घसरली, म्हणून पोरानं ती सवयीनं इचाररावांच्या उजव्या मांडीवर बसवली.

"साहेब," बाप म्हणाला, "वर्षभर तुमी शब्द धरून ऱ्हायलाव. दुसरा असता तर कवाच फिरला असता. पोराचं ध्यान अभ्यासात ऱ्हायलं ते तुमच्यामुळं. आता मला पैसा नको. ही तुमाला भेट. अशीच ठिवून घ्या."

पोराचा चेहरा पांढरा पडला. चहाचा कप त्याच्या हातात तसाच राहिला. वहिनी दारातून भिंतीकडं बघत होत्या, बहुधा खिळ्याची जागा. इचाररावांनी पाकिटातून तो कागद काढला; भाव, वजन, दात, अर्थिंग, ईशान्य, सगळं त्यावर होतं. वरून खालपर्यंत वाचला. पुन्हा घडी घातली. कपाळावर मी कधी पाहिली नव्हती इतकी काळजी.

"फुकट म्हनल्यावर," ते म्हणाले, "लईच इचार करावा लागंल."