श्री. नॉप यांस कारणे दाखवा

प्रति,
श्री. नॉप ऊर्फ नो ऑपरेशन,
मशीन कोड खाते.

विषय: काहीही न करता प्रोसेसरचा वेळ घेण्याबाबत.

महोदय,

१९७८ साली इंटेलच्या ८०८६ चिपवर आपली नेमणूक झाली. हजेरीपटावर हेक्सात ९०, बायनरीत १००१००००. कामाचं स्वरूप: काही नाही. या 'काही नाही'ला तेव्हा घड्याळाचे ३ ठोके लागत. शेजारच्या टेबलावर दोन रजिस्टरांची बेरीजही तेवढ्यातच उरकायची.

चौकशीत निघालं ते असं, की ९० हा क्रमांक मुळात अदलाबदलीच्या आज्ञेचा. एएक्स रजिस्टरातला ऐवज दुसऱ्या रजिस्टरात, तिथला इकडे. दुसरं रजिस्टरही एएक्सच असलं, की उजव्या खिशातली नोट काढायची आणि उजव्याच खिशात ठेवायची. कचेरीत याला 'फाइल फिरतेय' म्हणतात.

पुढे ६४ बिटांचं राज्य आलं आणि पंचाईत झाली. रजिस्टराच्या खालच्या ३२ बिटांत काही लिहिलं की वरचे ३२ आपोआप शून्य, असा नवा नियम. जुन्या पद्धतीने फाइल फिरवली असती तर चुकून काम झालं असतं! म्हणून एकट्या ९०साठी नियमाला अपवाद करण्यात आला. मंत्रालयातल्या जुन्या कारकुनालाही असं संरक्षण लाभत नाही.

संगतही बरी नाही. १९८८च्या मॉरिस वर्म नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने ५१२ बाइटांच्या बफरात ५३६ बाइट कोंबले. त्यातले ४०० म्हणजे नुसते आपले व्हॅक्स यंत्रावरचे चुलतभाऊ! प्रोसेसरने त्या रांगेत कुठेही पाय ठेवला तरी घसरत घसरत चोरट्या कोडपाशीच पोचावं, ही योजना. परवाना तपासणारी आज्ञा पुसायची असली की सॉफ्टवेअर फोडणारेही तिच्या जागी आपल्यालाच बसवतात. पहारेकऱ्याच्या खुर्चीत घोरणारा माणूस!

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने नोंदवायला हवी. लूपची सुरुवात १६ बाइटांच्या सीमेवर यावी म्हणून कंपायलर मधल्या फटीत आपल्याला भरतो आणि त्याने लूप कधी कधी जोरात धावतो. लग्नाच्या फोटोत रांग भरून काढणाऱ्या काकांचा जेवढा उपयोग, तेवढा आपला आहे.

तरी ७ दिवसांत लेखी खुलासा करावा. उत्तर न आल्यास आपण नेहमीप्रमाणे कामावर हजर आहात असं समजण्यात येईल.

आपला,
प्रोग्रॅम काउंटर
(आपल्यामुळे फक्त एक घर पुढे सरकलेला)