दिघोरीत सूर्य कसा लावावा

मुलगा, पुतण्या नाहीतर जावई नॉर्वेसारख्या थंड मुलखात नोकरीला असेल आणि त्यानं दिवाळीनंतर गावी प्रकाशोपचाराचा दिवा धाडला असेल, तर भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरी (मोठी) इथल्या कुटुंबांनी पुढील सूचना खोकं फोडण्याआधी वाचाव्यात. दिवा मायेनं आलेला आहे. नोव्हेंबरात सकाळी उठवत नव्हतं, या दिव्यासमोर बसलो आणि बरं वाटलं, तर घरच्यांनाही वाटावं, एवढाच पाठवणाऱ्याचा भाव. म्हणून दिवा परत करणं, विकणं किंवा कोंबडीच्या पिल्लांवर ऊब म्हणून टांगणं हे तिन्ही मार्ग इथं बाद धरले आहेत. पिल्लांचा तर विचारही नको. हे दिवे हल्ली एलईडीचे असतात. उजेड रगड, ऊब नावाला.

दिवा घरी पोचणं हीच मोठी पायरी. कुरिअरवाल्याचा फोन येईल, "दिघोरीत उभा आहे, घर सांगा." घर सांगण्याआधी त्याला समोर काय दिसतंय ते विचारावं. चौक, सिग्नल आणि ऑटोंची रांग म्हणाला, तर तो नागपुरात, उमरेड रोडवरच्या दिघोरीत उभा आहे आणि आपण शंभरेक किलोमीटर लांब आहोत. धानाच्या बांध्या म्हणाला तर चहा ठेवावा.

दिवा हाती आल्यावर मागची पट्टी वाचावी. युरोपातून आला असेल तर काळजी नाही, तिकडेही वीज २३० व्होल्टचीच. अमेरिकेतून आला असेल आणि पट्टीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर भिंतीतल्या बटणाला थेट जोडल्यास उपचार एकदाच होतो.

आता रोगाविषयी. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या आणि वसंतात निघून जाणाऱ्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि प्रखर उजेडानं ते हटतं असंही मांडलं. त्याआधी १९८० मध्ये आल्फ्रेड लुई यांच्या गटानं दाखवलं होतं, की भगभगीत उजेड पडला तर माणसाच्या रक्तातलं झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, रात्रीसुद्धा खाली येतं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांचं मुख्य काम चित्र पाहणं नसून उजाडलं की नाही याची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देणं हे असतं. या पेशी स्वतःच उजेड ओळखतात हे २००२ मध्ये सिद्ध झालं. उत्तरेकडच्या हिवाळ्यात ही वर्दी उशिरा पोचते, घड्याळ मागं पडतं आणि माणूस कामावर जाऊनही दुपारपर्यंत झोपेतच असतो. ही थट्टेची गोष्ट नाही. थट्टेची गोष्ट पुढे आहे.

लक्षणं अशी: झोप जास्त येणं, अंग जड वाटणं, कामात मन न लागणं, वजन वाढणं आणि गोड-पिठूळ पदार्थांची, म्हणजे आपल्याकडे भाताची, ओढ लागणं. शेवटचं लक्षण दिघोरीत तपासू नये. मळणी होऊन नवा तांदूळ घरात आल्यावर भात खावासा वाटणं हा आजार धरला, तर अख्खा भंडारा जिल्हा, शेजारच्या गोंदियासकट, दिव्यासमोर बसवावा लागेल. मन न लागण्याचंही जपूनच ठरवावं. खरेदी केंद्रावर धानाचा काटा झाला आणि पैसे अजून खात्यात आले नाहीत, तर त्या उदासीवर कोणताही दिवा चालत नाही.

विधी सोपा आहे. सकाळी उठल्यावर तासाभरात दिवा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, डोळ्यांच्या जरा वर आणि किंचित बाजूला ठेवावा. डोळे उघडे असावेत, पण दिव्याकडे टक लावू नये. २० ते ३० मिनिटं बसावं. चहा प्यावा, पेपर वाचावा. खोक्यावर लिहिलेले १०,००० लक्स (हे उजेडाचं माप) ठराविक अंतरापुरतेच असतात. मागं सरकलात की उजेड झपाट्यानं घटतो, म्हणून दिवा टीव्हीवर ठेवून आपण खाटेवर लवंडणं याला उपचार म्हणत नाहीत, आरास म्हणतात.

खरी मेहनत याच्या आधी आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ओस्लोत सूर्य सव्वानऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि सहा तासही थांबत नाही. त्याहून उत्तरेला ट्रोम्सो शहरात तो नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येतच नाही. दिघोरीत त्याच दिवसांत पावणेसातच्या सुमाराला लख्ख उजाडतं, आणि वर्षातला सगळ्यांत लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांहून मोठा असतो. तिकडे दिवा लावला की खोलीत दिवस होतो. इकडे दिवा लावायचा तर आधी खोलीत रात्र करावी लागते.

त्यासाठी सपरीकडचं दार लावावं, मग आंगणाकडचं. खिडकीवर घोंगडी टाकावी. छपरात उजेडासाठी बसवलेलं काचेचं कवेलू असेल तर शिडी लावून त्यावर बारदाना अंथरावा. अर्थात धान खरेदीच्या हंगामात बारदाना मिळाला तर. बाकीच्या कवेलूंच्या फटींतून कवडसे येतील, तिथं चिंध्या कोंबाव्यात. अंधार पुरेसा झाला की नाही हे कळायची खूण म्हणजे घरातलं कुणीतरी पाटावर आपटतं. मग दिवा लावावा. लावताच वीज गेली तर तसंच बसून राहावं. वीस मिनिटांत आली तर ठीक, नाहीतर तो दिवस नॉर्वेचा धरावा.

या अवस्थेत शेजारी डोकावतीलच, कारण सकाळी आठला दारं लावलेलं घर म्हणजे गावाच्या हिशेबी एकतर भांडण, नाहीतर धाड.

"काय होय जी हे, काकाजी?"

"उनाचा डबा होय. पोरानं धाडला."

"मंग बाहेर हाय ते काय होय?"

या प्रश्नाचं उत्तर दिव्यासोबतच्या पुस्तिकेत नाही. पुस्तिका वाचायची असेल तर मात्र अक्षरं बारीक असल्यानं ती आंगणात नेऊन वाचावी लागते, आणि इथंच बहुतेकांचा उपचार त्यांच्या नकळत पूर्ण होतो. निरभ्र हिवाळ्यात दुपारी उघड्यावर लाखाच्या आसपास लक्स पडतात. आंगणातल्या निंबाच्या सावलीत बसलात तरी खोक्यावरचा आकडा सहज गाठला जातो. घरातल्या ट्यूबलाइटखाली मात्र शंभर ते तीनशेच्या घरातच काटा राहतो. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी नातवाच्या मोबाइलमध्ये लक्स मोजायचं ॲप टाकून घ्यावं. आकडा अगदी काटेकोर येत नाही, पण घर आणि आंगण यांतला फरक दाखवायला पुरतो. दिव्याला बिल आहे, उन्हाला नाही, एवढंच कारण देऊन दिव्याचा अपमान करू नये; तो कमी पडतो ते वेगळ्या ठिकाणी. त्यातली अतिनील किरणं गाळलेली असतात, म्हणून त्याच्यासमोर कितीही बसलं तरी हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यासाठी अंग उघडं करून, धानाच्या पुंजण्याला टेकून उन्हातच बसावं लागतं, जे या गावात कुणाला शिकवायची गरज नाही.

नॉर्वेवाल्यांना हसण्याआधी त्यांची जिद्द पाहावी. रियुकान नावाचं त्यांचं एक गाव खोल दरीत आहे. डोंगर आडवे आल्यानं सप्टेंबर ते मार्च गावात थेट ऊन पडत नाही. १९२८ मध्ये तिथल्या नोर्स्क हीड्रो कंपनीनं गावकऱ्यांना वर उन्हात नेऊन आणण्यासाठी दोरीवरचा पाळणाच बांधून दिला. २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे फिरते आरसे बसवले. ते सूर्याबरोबर वळतात आणि खालच्या चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. लोक खुर्च्या मांडून त्या तुकड्यात बसतात. दिघोरीत डोंगर नसल्यानं या योजनेला वाव नाही. तरीही कुणाला हौस असेल तर भंडाऱ्याची पितळी परात चिंचेनं लखलखीत घासून आंगणात तिरपी धरावी. ऊन थेट सपरीत आजोबांच्या तोंडावर पडतं. आजोबा पुढे काय बोलतात ते उपचाराचा भाग नाही.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यातल्या, कुटुंबांना आणखी एक अडचण आहे, जी ओस्लोत कुणाला सुचणार नाही. तिकडे हिवाळ्याचा अंधार टळावा म्हणून लोक झटतात. इकडे त्याच अंधाराची वर्षभर वाट पाहिली जाते. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावजत्रा, भरायला लागते, दंडारीचा लोकखेळ होतो, दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असला तर रात्री नाटक ठरलेलंच. देसाईगंज-वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि पहाट होऊ लागली की पडतो. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि ब्लँकेट घेऊन सगळं गाव जमिनीवर बसतं. या रंगभूमीवर हजारो रात्री जागवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. अंधाराचा एवढा सन्मान नॉर्वेत कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

शास्त्र म्हणतं, की मध्यरात्रीनंतर डोळ्यांवर पडलेला प्रखर उजेड शरीराचं घड्याळ मागं ढकलतो आणि पहाटेनंतरचा उजेड ते पुढं ओढतो. त्या हिशेबानं दोनच्या सुमाराचा मोठा डोस नटांना मिळतो; प्रेक्षक अंधारात असल्यानं त्यांना तो सोसावा लागत नाही. म्हणून नाटकाच्या दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांनी दिव्यासमोर बसू नये, झोपावं. खलनायकाचं काम करणाऱ्यानं हवं तर बसावं.

आता ज्यांना हा दिवा खरोखर लागू पडेल त्यांच्याविषयी. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले जातात, पुढं रोवणी असते आणि बांधीत पाणी लागतं. पाणी मोटरीनं येतं, मोटर विजेनं चालते, आणि शेतीच्या फीडरला वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळीपाळीनं मिळते. पाळी रात्रीची असेल तर माणूस स्वेटर, चादर आणि टॉर्च घेऊन बांधीवर उभा. सोबतीला डुकरं, साप आणि कधी त्यांच्याहून मोठं काही. लाखांदूर-देसाईगंज आणि आसपासच्या पट्ट्यात तेरा बळी घेणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरबंद झाला, तोवर किती जणांनी पाळी आली म्हणून मुकाट्यानं मोटर चालू केली असेल, ते सांगता येत नाही.

या माणसाचं घड्याळ अक्षांशावर चालत नाही, वेळापत्रकावर चालतं. तीन रात्री जागायचं, चार दिवस नीट झोपायचं, पुन्हा जागायचं. विमानात न बसता दर आठवड्याला परदेशाला जाऊन यायची ही सोय आहे. रात्रपाळीच्या कामगारांना तज्ज्ञ सांगतात, की पाळीच्या पहिल्या भागात प्रखर उजेड घ्या आणि सकाळी घरी जाताना काळा चष्मा लावा. हे दिघोरीत आणायचं तर दिवा स्टार्टरच्या पेटीशेजारी टांगावा, मोटर पाणी ओढतेय तोवर त्यासमोर बसावं आणि उजाडताना काळा चष्मा लावून, चादर पांघरून, टॉर्च काखेत मारून गावात शिरावं. कुत्री भुंकतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. घड्याळ रात्रीला सरावेपर्यंत फीडर पुन्हा दिवसावर येतो, त्यामुळे सगळा विधी दर आठवड्याला उलटा करायचा असतो. त्याचं कोष्टक स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर डकवावं.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आहे. सरकार सूर्याची वीज करून पाठवणार, पुतण्या विजेचा सूर्य करून पाठवतो. पुतण्याचा आधी पोचला, तोही नागपूरच्या दिघोरीला वळसा घालून.

पथ्यं थोडी आहेत, पण खरी आहेत. मनाचा पारा एकदा फार चढतो आणि एकदा फार उतरतो असा आजार असलेल्यांनी, डोळ्यांचा विकार असलेल्यांनी किंवा उजेड सोसवेनासा करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नये. रात्रीची पाळी नसेल तर संध्याकाळी लावू नये, झोप उडते. आणि उदासी ऋतू बदलला तरी जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर दिवा, परात, नाटक सगळं बाजूला ठेवून १४४१६ या टेलीमानसच्या नंबरवर फोन करावा. तो चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

शेवटचा भाग पाठवणाऱ्याशी बोलण्याचा. तो दिव्याची चौकशी करणारच. हिवाळ्यात ओस्लो आपल्या साडेचार तास मागं असतं, म्हणून त्याला दुपारी दोनच्या आधी व्हिडिओ कॉल करू नये. तिकडे उजाडलेलं नसतं आणि तो त्याच्या दिव्यासमोर बसलेला असतो. बोलताना घरातच बसावं, दार लोटून घ्यावं आणि दिवा चालू दिसेल असा मोबाइल धरावा. "फरक पडला का?" असं विचारलं तर "पडला न बाबू" म्हणावं. मागं आंगणातलं ऊन दिसू देऊ नये. त्यानं पाहिलंच आणि तिकडून काही बोलेनासा झाला, तर नेटवर्क गेलं असं समजून "सुटी कधी टाकतोस?" हे दोनदा मोठ्यानं विचारावं.